देवालयाच्या पायऱ्या

(महाजनांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पालखीच्या रात्री सभामंडपाबाहेर चौकात बसून राहिलेली वृद्ध मंडळी आपण सर्वांनीच पाहिली आहेत. आरती त्यांना ऐकू येते, मूर्ती दिसत नाही. मग एखादा तरुण त्यांना उचलून आत नेतो. त्याच्या सेवाभावाविषयी मला आदरच आहे. परंतु उचलल्या जाणाऱ्याच्या मनात काय येते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने 'सार्वजनिक इमारत' या संज्ञेत धार्मिक कार्यासाठी लोकांच्या वापरात असलेल्या वास्तूंचाही समावेश केला आहे, मग ती वास्तू खाजगी का असेना. जून २०१७ मध्ये नियम निघाले. तेव्हापासून पाच वर्षांच्या आत जुन्या इमारती सुगम करावयाच्या होत्या; ती मुदत २०२२ सालीच उलटली. सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक नव्हेत, बंधनकारकच असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केले. तेव्हा हा प्रश्न आता आपल्या दयेचा राहिलेला नाही.

वास्तूचे रूप बिघडेल, ही भीती मी समजू शकतो. एक फूट चढाला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. सहा इंचांच्या चार पायऱ्यांना चोवीस फूट. दीपस्तंभासमोर तो बांधा, असे कोणीच म्हणत नाही. अग्रशाळेकडील बाजूच्या दाराशी तेवढी जागा सहज निघेल. चाकांमुळे सोवळे मोडते, हा दुसरा आक्षेप. त्यासाठी देवस्थानने आतल्या वापरापुरती स्वतःची चाकांची खुर्ची ठेवावी. पायाला कॅलिपर असलेल्या माणसाचा बूट बहुधा त्यालाच जोडलेला असतो. 'पादत्राणे बाहेर ठेवा' हा नियम त्याला लावणे म्हणजे त्याचे पायच बाहेर ठेवायला सांगणे होय! स्वच्छ कापडी वेष्टन पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ही दर्शनाची नव्हे. आपली सर्वसाधारण सभा माडीवर भरते. ज्यांना जिना चढवत नाही, ते महाजन हिशेब ऐकत नाहीत, मुखत्याराला प्रश्न विचारू शकत नाहीत, मतही देऊ शकत नाहीत. यादीत मात्र त्यांची नावे आहेत. यंदाची सभा अग्रशाळेच्या तळमजल्यावर घ्यावी, अशी माझी सूचना आहे. खर्च काही नाही. खुर्च्या तेवढ्या खाली आणाव्या लागतील.