संतापाची धाव आणि समाधानाचे मौन



आपल्या शेजारच्या माथेरानने १८ मार्च २०२५ पासून बेमुदत बंद पुकारला, ही वार्ता आपल्या कुंभिवली गावाला नवी नाही. परंतु त्या बंदचे कारण आजच्या, म्हणजे पाहुण्यांच्या ऑनलाइन अभिप्रायांच्या, विषयाच्या थेट मुळाशी जाते. माथेरानच्या प्रवेशद्वारी, दस्तुरी नाक्यावर, उतरलेल्या पाहुण्याची दिशाभूल करून त्याच्याकडून जादा पैसे उकळले जातात, अशी ती तक्रार होती. आणि विशेष हे, की ती पाहुण्यांनी नव्हे, तर गावातल्याच माथेरान पर्यटन बचाव संघर्ष समितीने वेशीवर टांगली. गावाला असे का करावे लागले? फसलेला पाहुणा सहसा रीतसर फिर्याद करीत नाही. परतीच्या गाडीत बसल्याबसल्या तो मोबाइलवर चार जळजळीत ओळी लिहितो, आणि त्यांचा दंड दोषी दलालाबरोबरच, ज्याने त्याच दुपारी चोख जेवण वाढले त्या खानावळवाल्यालाही भरावा लागतो.

संतापाची ओळ अशी का धावते? जोना बर्जर आणि कॅथरिन मिल्कमन या अमेरिकेतील अभ्यासकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे सुमारे ७,००० लेख तपासून २०१२ साली असा निष्कर्ष मांडला, की विस्मय, संताप आणि चिंता या चित्त प्रक्षुब्ध करणाऱ्या भावना मजकुराला दूरवर नेतात, खिन्नता मात्र वाचकाला जागीच बसवून ठेवते. तो अभ्यास वृत्तपत्री लेखांचा होता, खानावळींचा नव्हे. तरीही पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवर उतरणाऱ्या मंडळींकडे पाहता तो मला पटतो. धबधब्याने दिपलेला लिहितो, ओल्या गादीने चिडलेला त्याहून त्वरेने लिहितो. आणि ज्याला पिठले-भाकरी गरम मिळाली, रात्री झोप लागली, तो बहुसंख्य, समाधानी मनुष्य काहीच न लिहिता घरी जातो. मोबाइलवरच्या मानांकनाच्या तारका म्हणजे दोन टोकांची साक्ष आहे. तिला अनुभवाची खानेसुमारी समजणे हा भाबडेपणा होय. त्यात विकत घेतलेल्या स्तुतीची भर पडते, म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक ठरवले खरे. पण ते ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक सदाचाराविषयी माझी श्रद्धा बेताचीच आहे.

याचा अर्थ संताप वाईट असा मात्र नव्हे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तीही ग्राहकाच्या असंतोषाच्याच भांडवलावर. फरक इतकाच, की तेथे त्या असंतोषाला संघटनेची शिस्त लाभली. आज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दादरच्या ग्राहकाला माथेरानच्या व्यवहाराची दाद आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे मागता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क नाही, मुदतही दोन वर्षांची आहे. मात्र अर्जाला नाव, तारीख आणि पावतीसारखा पुरावा लागतो. आणि माथेरानातल्या घोड्याच्या फेरीची पावती आपल्यापैकी कोणी कधी मागितली आहे काय?