मास्तराला झोडपून कापसाला भाव येत नाही

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव, पीक विमा आणि शेतीपंपाची वीज हे तीन विषय ठरलेले आहेत. त्यावर बोलणारे बसलेलेच आहेत. गावच्या शाळेतला मास्तर हा चौथा विषय मी मागून घेतला. कारण यात एक चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती चूक माझी आहे.

मागच्या हंगामात एका सभेत मी वेतन आयोगावर बोललो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती वर्षभर राबून जेवढे उरत नाही, तेवढे मास्तर महिन्याला मोजून घेतो आणि दुपारी मोबाइल पाहत बसतो, असे म्हणालो. जोरात टाळ्या पडल्या. सभा उठल्यावर पार टोकाच्या वस्तीवरचा एक शेतकरी जवळ आला. म्हणाला, "भाऊ, तुमी मास्तरले झोडपलं, लोकायनं टाळ्या वाजवल्या. पण आमच्या घरात सात-बारा वाचणारी पहिली माणूस माही पोरगी हाय, अन् तिले वाचाले त्याच मास्तरनं शिकवलं. आता शाळा बंद होनार म्हनतात. त्याचं काही बोलत नाही तुमी?"

मी काय उत्तर देणार? अकोल्याला कृषीची पदवी घेतली, पण बाराखडी मीही जिल्हा परिषदेच्या गळक्या शाळेतच गिरवली होती. दुसऱ्या आठवड्यात त्या वस्तीवर गेलो आणि एक अख्खा दिवस शाळेत बसलो.

पट सतरा. वर्ग चार. कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक पाहिजेत. हजेरीपटावर एकच, दुसरी जागा रिकामी. मास्तर आले ते पांदणीतून मोटारसायकल ढकलत. आपल्या काळ्या मातीचा चिखल चाकात कसा बसतो हे तुम्हाला सांगायला नको. आल्याबरोबर वर्ग उघडला, पोरांकडून झाडून घेतला, खिचडीचा तांदूळ मोजून स्वयंपाकाच्या ताईंकडे दिला. भाजी आणि तेल दुकानातून उधारीवर. सरकारी पैसा मागाहून येतो, दुकानदाराचे तोंड आधी सांभाळावे लागते. मग फोन. माहिती आजच्या आज भरा. शाळेत रेंज नाही, म्हणून मास्तर तलावाच्या पाळीवर जाऊन उभे. तेवढा वेळ चौथीतली एक पोरगी पहिलीच्या पोरांना अंक काढून दाखवत होती.

परत आले आणि शिकवायला लागले, ते मात्र पाहण्यासारखे होते. वस्तीतली अर्धी घरे बंजारा समाजाची. पहिलीतले पोर घरी गोरमाटी बोलते, पुस्तक मराठीत. मास्तर प्रत्येक चित्रावर बोट ठेवून विचारत, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" पोर सांगायचे, मास्तर ते फळ्यावर लिहायचे, शेजारी मराठी शब्द. पोरांच्या तोंडून असे दोन-अडीचशे शब्द त्यांनी एका वहीत उतरवले आहेत. कोणी सांगितले नव्हते, त्याचा वेगळा भत्ता नाही. मी मृदशास्त्र शिकलेला माणूस आहे, जमीन बघून पीक घ्यावे हे मला कळते. हा माणूस तेच करत होता.

आता म्हणाल, याचा आपल्या शेतीशी काय संबंध? संबंध पंपाशी आहे. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली असते दहा लिटर पाण्याला. तुमचा पंप सोळा लिटरचा. दहा लिटरला वीस मिलि, तर सोळा लिटरला किती? बत्तीस. हे चौथी-पाचवीचे त्रैराशिक आहे. ते आले नाही की माणूस झाकणाने अंदाज करतो, आणि शेजाऱ्याने दोन झाकणे टाकली म्हणून आपण तीन टाकतो. बाटलीवर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याचे खापर मी निरक्षरतेवर फोडणार नाही. औषधे मिसळून विकणारे होते, अंगाला संरक्षण नव्हते, कपाशी डोक्याच्या वर गेलेली होती, अळी आटोक्यात येत नव्हती. पण गावोगाव हिंडताना मी पाहिले की घरातली सातवीतली पोरगी लेबल मोठ्याने वाचून दाखवते तिथे बाप निदान ऐकतो. कृषी खात्याच्या पत्रकापेक्षा त्या पोरीचा उपयोग जास्त. आणि ती पोरगी कोणी घडवली?

हे आजचे बोलणे नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात त्यांनी स्पष्ट मांडले की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे ते म्हणाले. आणि मास्तराचाही हिशेब त्यांनी घातला होता: मास्तर शिकून तयार झालेला असावा, त्याला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस द्यावा. अभ्यासक्रमात शेतीची प्राथमिक माहितीही त्यांनी मागितली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. शेतकऱ्याची लूट सांगणारा माणूस मास्तराचा पगार वाढवा म्हणत होता, आणि आम्ही त्यांचे नाव घेऊन मास्तराच्या पगारावर टाळ्या मिळवतो.

पगाराचे एकदा बोलूनच टाकू. जुन्या शिक्षकाचा पगार आपल्या उत्पन्नापुढे डोळ्यांत भरतो, खरे आहे. पण तो उद्या निम्मा केला तर कापसाला क्विंटलमागे एक रुपया तरी जास्त मिळेल का? आपला भाव पाडणारे हात वेगळे आहेत. आणि नव्याने लागणारा पोरगा-पोरगी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. त्याचे मानधन किती तरी वर्षे महिन्याला सहा हजार होते. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. दिवसाला पाचशे तेहतीस रुपये. आपल्या तालुक्यात गवंडी यापेक्षा जास्त मजुरी घेतो. श्रमाला दाम मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या श्रमाची किंमत नाकारायची, हे मला तरी आता तोंडातून काढवत नाही.

कामचुकार मास्तर नाहीत का? आहेत. एका गावात आठवड्यातून तीनच दिवस शाळा उघडते हे मला ठाऊक आहे. पण त्याच गावच्या ग्रामसभेने "शिक्षक मुख्यालयी राहतात" असा ठराव करून दिला. हात वर करणाऱ्यांत आपले कार्यकर्ते होते. खोट्याला सही आपली आणि शिव्या मास्तराला.

आणि मास्तर गावात राहत का नाही, हेही ऐका. गेल्या पावसाळ्यात एका गावी नवी शिक्षणसेविका आली. खोली शोधत चार घरी गेली. आधी आडनाव विचारले, मग जात विचारली, मग एकेकाला आठवले की भाचा राहायला येणार आहे. आता ती तालुक्याहून जाऊन-येऊन करते, आणि पारावर बसून आपण म्हणतो, बाई वेळेवर येत नाही. त्या चार घरांपैकी एक घर आपल्या बिल्लेवाल्याचे आहे. तो या सभेत बसला आहे, नाव घेत नाही.

शाळा बंद होण्याचे भय खोटे नाही. २०२३ मध्ये सरकारने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला. तेव्हा राज्यात अशा शाळा सुमारे चौदा हजार सातशे होत्या आणि त्यांत एक लाख ऐंशी हजारांवर मुले होती. कागदावर दोन-चार किलोमीटर म्हणजे काही नाही. भादव्यात मधला नाला भरला की सहा वर्षांचे पोर पलीकडे कोण नेणार? पोरगी वयात आली की बाप म्हणतो, राहू दे घरी. पण पट कमी कोणामुळे झाला, तेही बोलू. जमीनवाल्यांची पोरे व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. शाळेत उरतात मजुराची, भूमिहीनाची. मग त्या शाळेसाठी आंदोलन करायला कोणी उरत नाही.

आपण काय करू शकतो? मोर्चा नंतर. आधी वेचणी. सीतादही करून पहिला वेचा लागला की शाळेतली निम्मी पोरे कपाशीत दिसतात. वेचणी किलोवर असते, आईसोबत पोराचेही दोन-तीन किलो होतात, हे मला कळते. मजूर मिळत नाहीत हेही कळते. पण त्या दोन महिन्यांत तुटलेले पोर जानेवारीत वर्गात येते तेव्हा मागचे सगळे पुसलेले असते, आणि परीक्षेचा निकाल मास्तराच्या नावावर पडतो. टोकाच्या त्या वस्तीने एक केले: शाळेच्या वेळात चौदाच्या आतले पोर कोणाच्याच वावरात घ्यायचे नाही, आणि त्याची भरपाई म्हणून शेतमालकांनी वेचणीचा दर किलोला एक रुपया वाढवला. मालकांना जड गेले, कुरकुर झाली. दोघांनी तर पाळलेच नाही. पण यंदा डिसेंबरात सतरापैकी चौदा पोरे वर्गात होती.

दुसरे, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक लागतात, निम्म्या बाया लागतात. बहुतेक गावांत सह्या घरपोच होतात. आपल्या बायांनी त्या समितीत बसावे आणि दोन गोष्टी लिहून मागाव्यात: दुसरा शिक्षक कधी येणार, आणि या महिन्यात मास्तर किती दिवस वर्गाबाहेरच्या कामावर होते. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतले काम सोडून शिक्षकाला शिकवण्याबाहेरचे काम लावता येत नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम सत्तावीस सांगते. मास्तर हे स्वतः बोलला तर त्याला नोटीस येते. पालकांना नोटीस कोण देणार?

आणि तिसरे, खोली. पोळ्याच्या आत त्या शिक्षणसेविकेला गावात खोली मिळाली पाहिजे. बिल्लेवाल्या भावाने मघाशी मान हलवली, ती मी पाहिली.

पुढची तालुका बैठक त्याच टोकाच्या वस्तीवर, शाळेच्या व्हरांड्यात आहे. शाळा सुटल्यावर, पाच वाजता. आधी येऊ नका, पोरांचा वर्ग मोडतो. येताना ज्याच्या घरी मुरूम वाहायला ट्रॅक्टर आहे त्याने तो आणावा. पांदणीतला तो दोनशे फुटांचा तुकडा पावसाआधी भरून घ्यायचा आहे.