शेताचे नाव राहावे



श्री चंडिकादेवीच्या डोंगरावरून पूर्वी भातशेती, खाजणे आणि मिठागरे दिसत. खाऱ्या पाण्याला बांध घालून वाडवडिलांनी ही जमीन पिकवली. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. आज शिवारात इमारती उठल्या आहेत. शेताच्या जागी मुलांसाठी बाग होणार असेल, तर आनंदच आहे. पण कागदावर नंबर उरला, तरी शेताचे बोलीतले नाव सहज हरवते. देवळात आपण देणगीदारांची नावे दगडावर कोरतो, तसे बागेच्या फाटकावर जुन्या शेताचे नाव लिहावे. वडीलधारी आहेत तोवर ती नावे वहीत उतरवून घ्या. आपले गाव रांगोळीचे. पुसलेली रांगोळी पुन्हा काढता येते, पुसलेले नाव सापडत नाही.

देवी सर्वांचे कल्याण करो.