गुरुजींना शाल दिली, आता त्यांचं मतही विचारूया

(परंडा येथे संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण बचत, कर्जफेड, शेळीपालन यावर बोललो. मला विषय दिलाय शाळेचा. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या सभेत मास्तरांचं काय काम? आपण कर्ज कशासाठी काढतो ते आठवा. वह्या-पुस्तकं, शिकवणी, लेकीची कॉलेजची फी. गटाच्या रजिस्टरात बघा, "मुलांचं शिक्षण" हे कारण किती वेळा लिहिलंय. शाळा गावात नीट चालली तर आपलं कर्ज कमी होतं. एवढा सरळ हिशोब आहे.

तर शाळा नीट चालायला काय लागतं? इमारत लागते, संडास लागतो, खिचडी लागते. पण सगळ्यात आधी शिकवणारं माणूस लागतं. त्या माणसाला आपण काय देतो, यावर आज दोन शब्द बोलते.

दर पाच सप्टेंबरला आपण शिक्षकांचा सत्कार करतो. शाल, नारळ, गुलाबाचं फूल, फोटो. चांगलीच गोष्ट आहे, ती बंद करू नका. पण सहा सप्टेंबरला त्याच बाईंना किंवा सरांना कुणी विचारतं का, की शाळेत काय अडतंय, काय बदलायला हवं? मान दिला जातो, मत विचारलं जात नाही. हे दुखणं आपल्याला नवं नाही. हळदीकुंकवाला साडी-चोळी देऊन आपलाही मान व्हायचा, आणि जमीन विकायची का, लेकीचं लग्न कधी करायचं, हे बाहेर ओट्यावर पुरुष ठरवायचे. गटाच्या बँक खात्यावर आपली सही लागायला लागली, तेव्हापासून आपल्याला विचारायला सुरुवात झाली. शिक्षकांचंही तसंच आहे.

आता आपल्याच धंद्यातलं उदाहरण सांगते. २०२४-२५ या शाळेच्या वर्षात राज्य सरकारनं ठरवलं की सगळ्या सरकारी शाळांतल्या मुलांना एकसारखा गणवेश द्यायचा. कापड वरून एकदम खरेदी करायचं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे माविमच्या, बचत गटांकडून करून घ्यायची. ऐकायला किती छान! बायकांना काम, मुलांना कपडे. तुमच्यापैकी कुणी ते शिवलेही असतील. पण त्याआधी गणवेशाचं काम शाळा व्यवस्थापन समितीकडे होतं. एका गणवेशाला ३०० रुपये समितीच्या खात्यात यायचे. बाईंना पोरांची अंगलट माहीत, शिंपी ओळखीचा, कापड तालुक्यातलं. नव्या पद्धतीत पंधरा ऑगस्ट आला तरी कितीतरी शाळांत गणवेश पोचला नव्हता, आणि पोचला तिथं मापाच्या तक्रारी झाल्या. कुणाचा सदरा गुडघ्यापर्यंत, कुणाची चड्डी बसेना. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय बदलला आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा समित्यांकडे दिलं.

यात शिलाई करणाऱ्या बाईचा दोष नव्हता, शिक्षकांचा नव्हता, पोरांचा तर नव्हताच. निर्णय घेण्याआधी चार गोष्टी विचारून घेतल्या असत्या तर बरं झालं असतं. माप कधी घ्यायचं? कापड कधी यायला हवं? एका गटाकडं किती मशिनी आहेत? शिलाईचा किती दर परवडतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गावच्या शाळेतल्या बाईंकडं होती, पुढच्या दोन प्रश्नांची आपल्याकडं. दोघींना विचारायला एक बैठक पुरली असती. पाहा, धोरणात मत नसणं म्हणजे काही हवेतली गोष्ट नाही. ते पोराच्या अंगावरच्या सदऱ्यात दिसतं.

आता उलटं उदाहरण घ्या. शिक्षकाचं ऐकलं तर काय होतं?

आपल्या तालुक्याला लागून माढा तालुका. तिथल्या परितेवाडी या लहानशा गावच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात ते चौकोनी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे क्यूआर कोड लावले. मोबाईल धरला की धड्याचा व्हिडिओ, कविता, गोष्ट सुरू व्हायची. ही कल्पना त्यांनी राज्यापुढं मांडली, ती करून पाहिली गेली, आणि २०१७ मध्ये राज्यानं सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड घालायचं जाहीर केलं. आज तुमच्या नातवंडांच्या पुस्तकात जो कोड दिसतो, त्याची सुरुवात अशा एका वाडीवरच्या शाळेतून झाली. पुढं डिसेंबर २०२० मध्ये डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुरस्काराचं कौतुक सगळ्यांनी केलं. मला मात्र त्याआधीची गोष्ट मोठी वाटते. गावच्या शिक्षकाला सुचलेलं सगळ्या राज्याच्या पुस्तकात आलं.

दुसरं उदाहरण सातारा जिल्ह्यातलं. कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मिळून शिकवायची रीत बदलली. जमिनीवर आखलेले तक्ते, खडे, काड्या, मणी घेऊन पोरं आपली आपण शिकायला लागली. राज्यभरातून शिक्षक बघायला येऊ लागले. २०१५ मध्ये सरकारनं "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र" कार्यक्रम सुरू केला, तेव्हा कुमठ्याचं काम सगळ्यांच्या तोंडी होतं. वर्गात उभं राहणाऱ्याला शहाणपण असतं, हे मानलं की असं होतं.

आणि हे काही आजचं नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही मागणी तर होतीच. पण गावच्या शिक्षकाबद्दलही त्यांनी बारकाईनं लिहिलं. शिक्षक शिकून तयार झालेला असावा. तो शेतकऱ्यांच्या घरातला असावा, वेळ पडली तर नांगर धरायला लाजणार नाही असा. त्याला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, आणि गावच्या कारभारात त्याला काही जागा द्यावी, म्हणजे त्याचा मान वाढेल. सावित्रीमाईंनी पुण्यात १८४८ साली शाळा सुरू केली तेव्हा शेणगोळे अंगावर घेतले. जोतीरावांना शिक्षकाची किंमत घरातच कळली होती.

आता आजचा कायदा काय म्हणतो बघू. विधान परिषदेत ७८ आमदार. त्यातले सात शिक्षक मतदारसंघातून निवडून येतात, आपल्या मराठवाड्याचा त्यात एक. तुम्हाला वाटेल, मग झालं की, शिक्षकांचा आमदार आहे. पण राज्यघटनेप्रमाणे या मतदारसंघात मत कुणाला? माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्यांना. पहिली ते चौथीच्या बाई, ज्या तुमच्या पोराचा हात धरून "अ" गिरवून घेतात, त्यांना त्यात मत नाही. म्हणजे पाया भरणाऱ्यालाच आवाज नाही.

आणखी एक. जिल्हा परिषदेचा शिक्षक हा सेवेच्या वर्तणूक नियमांनी बांधलेला आहे. सरकारच्या धोरणावर त्याला उघड टीका करता येत नाही. बोलला तर नोटीस येऊ शकते. संघटना आहेत, त्या मोर्चे काढतात, निवेदनं देतात. पण गावात एकट्या असलेल्या बाई काय करणार? त्या गप्प बसतात, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. त्यांचं तोंड नियमानं बांधलंय. आपलं कुणी बांधलेलं नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं की शिक्षकाला शिकवण्याशिवाय फक्त तीन प्रकारची कामं देता येतात. दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीचं काम. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, आपल्या परंडा तालुक्यात हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली. तसल्या वेळी शिक्षकांनी धावून यावं, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण रोजच्या ऑनलाईन माहितीचं काय? तांदळाचा साठा, फोटो, तक्ते, ॲपवर हजेरी, आज मागवली आणि आजच पाठवा. दोनशिक्षकी शाळेत एकजण मोबाईलवर बसला की दुसऱ्याकडं चार वर्ग. आपल्यातल्या कितीतरी जणी शाळेत पोषण आहार शिजवतात. त्यांनी हे रोज डोळ्यांनी पाहिलंय.

आता एक प्रश्न तुमच्या मनात असणार, मीच मांडते. "ताई, आमच्या गावचे सर तर अकराला येतात न् तीनला जातात. त्यांना कशाला मत विचारायचं?" बरोबर आहे. असेही आहेत, आणि त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण गटात एक बाई हप्ता थकवते म्हणून आपण सगळा गट मोडतो का? थकवणाऱ्या बाईला बैठकीत उभं करतो, आणि नियमित भरणाऱ्या बाईला अध्यक्ष करतो. शाळेतही तेच करू. मत विचारलं की जबाबदारीही अंगावर येते. ज्याला काही विचारलंच नाही, तो म्हणायला मोकळा, "वरून आलं, मी काय करू?"

मग आपण काय करायचं? मोठमोठं काही नको. चारच गोष्टी.

पहिली, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याप्रमाणे तिच्यात ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात. कागदावर नावं असतात, सही घरी येऊन नेतात. आता घरी सही द्यायची नाही. बैठकीला जायचं, इतिवृत्त वाचून मगच सही. गटात करतो तसं.

दुसरी, समितीच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय एकच ठेवायचा, "शिक्षकांचं म्हणणं." बाईंनी सांगायचं, काय अडतंय, काय हवंय, मुलं कुठं मागं पडतायत. आपण मध्ये न बोलता ऐकायचं, मग आपलं सांगायचं. जे ठरेल ते शाळा विकास आराखड्यात लिहून घ्यायचं. तो आराखडा करणं हे समितीचंच काम आहे.

तिसरी, जे शिक्षकाला बोलता येत नाही, ते आपण ग्रामसभेत मांडायचं. जागा रिकामी आहे, वर्षाच्या मध्येच बदली झाली, कायद्याबाहेरचं काम दिलंय, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांची सोय नाही. ठराव करायचा, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायची आणि पोच घ्यायची. पोच विसरू नका. एका गावचा ठराव फायलीत जातो. तालुक्यातल्या वीस-पंचवीस गावांचे एकसारखे ठराव पंचायत समितीत पोचले की ते वाचावे लागतात. तिथंच आपल्या संघाचा उपयोग आहे.

चौथी, सत्कार. तो करायचाच, पण नुसती शाल नको. गावासमोर सांगा, बाईंनी यंदा काय केलं. किती पोरं वाचायला लागली, शाळा सोडलेली कोणती पोरगी परत आणली. कामाचं नाव घेऊन केलेलं कौतुक माणसाला वर्षभर पुरतं.

ताईंनो, आपल्या पोरांची शाळा वरच्या कागदावर चालत नाही. ती एका फळ्यापुढं उभ्या असलेल्या माणसावर चालते. त्या माणसाला मान देणारं गाव पुष्कळ आहे. मत विचारणारं गाव आपण होऊया. येत्या महिन्याच्या गट बैठकीत हा विषय घ्या, ठराव लिहा आणि संघाच्या कार्यालयात आणून द्या. पुढच्या अंकात आपण छापू, कोणत्या गावानं विचारलं आणि बाईंनी काय सांगितलं.

जय ज्योती, जय सावित्री.