फासा आणि कायदा



आपल्या वलगावाजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. मुक्या प्राण्यांना अभय द्या, असे ते जन्मभर सांगत राहिले. त्याच अभयाची कायद्याची बाजू आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

वऱ्हाडात शिकार म्हटली की फासेपारध्याचे नाव निघते. त्याची विद्या मोठ्या कसबाची. पहाटे पिंजऱ्यातला पाळीव तितर बोलू लागला की रानातला नर त्वेषाने चालून येई आणि भोवती रोवलेल्या फाशांत अडके. काळविटाकडे जायचे ते शिकवलेल्या गाईच्या आडोशाने! कोणता पक्षी कोणत्या गवतात उतरतो, हे पारध्याला लहानपणापासून पाठ.

इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने या लोकांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ साली पुसला गेला. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्याने मारणे हीच शिकार मानली नाही. पकडणे, फासा लावणे, किंबहुना तसा प्रयत्न करणे, हीदेखील शिकारच ठरली. आरंभी लहानसहान शिकारीस परवाना मिळे. १९९१ च्या दुरुस्तीने तोही गेला.

कायदा चुकला काय? मुळीच नाही. युरोपात नदीवर बांध घालणारा बीव्हर कातड्यासाठी इतका मारला गेला, की १९०० च्या सुमारास जेमतेम १,२०० उरले. बंदी आली, जपणूक झाली, तेव्हा तो पुन्हा वाढला.

परंतु कायदा हात धरतो, पोट भरत नाही. फासा गेला आणि शेतही नाही, त्याने करावे काय? याचे एक उत्तर आपल्या शेजारीच सापडते. अकोला-वाशीम भागात तणमोर हा दुर्मिळ पक्षी पावसाळ्यात गवतातून उंच उडी घेतो. त्याच्या रक्षणासाठी ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांनाच सोबतीला घेतले. जी नजर पक्षी पकडी, तीच आता त्याची राखण करू लागली.

बाबांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय आहे, तसा बेकारांना रोजगारही आहे. दोन्ही सूत्रे एकत्र पाळली, तरच रान वाचेल आणि माणूसही.