पीएफचा पैसा आणि समुद्रापलीकडचे घर

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांत पाळ्या करून निवृत्त झालेल्यांच्या हाती पीएफची मोठी रक्कम आयुष्यात प्रथमच एकदम येते. त्यात मुलगा दुबईला नोकरीस असला, की घरात विषय निघतोच : इथे प्लॉट घेण्यापेक्षा तिथेच फ्लॅट का घेऊ नये?

परदेशात घर घेणे कायद्यात बसते. २००४ साली रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवण्याची मुभा दिली. आज ती मर्यादा माणशी अडीच लाख डॉलर आहे. मात्र पैसे बँकेतूनच आणि पॅन देऊनच जायला हवेत. हवालाच्या वाटेला चुकूनही जाऊ नये.

आता हिशेब पाहू. वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच कापून घेते. म्हणजे ४० लाख पाठवायचे, तर हाती ४६ लाख हवेत. वरचे सहा लाख विवरणपत्र भरल्यावर करात वळते होतात किंवा परत मिळतात; पण तोवर अडकून पडतात. दुबईत नोंदणीचे चार टक्के वेगळे, शिवाय दरवर्षी देखभाल खर्च. हे घर दरवर्षी आपल्या विवरणपत्रातही दाखवावे लागते. लपवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यात दहा लाखांचा दंड आहे.

'रुपया घसरला की आपलाच फायदा', असे दलाल सांगतात. त्यात तथ्य आहे. २००४ साली पंचेचाळीसच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबर २०२५ मध्ये नव्वदीवर गेला. पण देखभालही त्याच चलनात भरायची असते, हे ते सांगत नाहीत.

कारखान्यातल्या कामगाराचे पेन्शन तुटपुंजे असते. २०१४ साली ते किमान हजार रुपये ठरले. तेव्हा पीएफ हीच खरी म्हातारपणाची काठी. आधी घरखर्च आणि आजारपण यांची रक्कम बाजूला काढा. उरेल त्यातूनच परदेशाचा विचार करा. घर कोणाच्या नावावर आणि आपल्यामागे कोणाचे, हे तिथल्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करून आधीच ठरवा. मुलगा उद्या नोकरी बदलून दुसऱ्या देशी जाईल. फ्लॅट तिथेच राहील. अडीनडीला पैसा लागला, तर तो रोह्याच्या बँकेत असलेला बरा.