मांजर आहे, चालेल ना?

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘समाजमाध्यमे आणि मुस्लिम तरुण’. या विषयावर काय बोलायचं असतं ते तुम्हालाही पाठ आहे. अफवा, फॉरवर्ड, ट्रोलिंग, वेळेची नासाडी. सकाळच्या सत्रात ते सगळं झालं आणि चांगलं झालं. मला बोलायचंय ते ज्याला कोणी विषयच मानत नाही त्यावर. रात्री साडेदहानंतर, घरातले झोपल्यावर, तुम्ही मोबाइलवर ज्या गप्पा मारता त्या. आज मांजराने काय पाडलं, कुणाचा पोपट काय बोलला, नानीला कोणता सिनेमा आवडायचा, असल्या गप्पा.

मी अशा एका ग्रूपमध्ये आहे. आम्ही अकरा जण. मी धरून सहा मुसलमान, बाकीचे पाच नाहीत. सोलापूर, मालेगाव, रत्नागिरी, लातूर, नागपूर आणि एक शारजाला. बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. ओळख झाली ती जुन्या सिनेमांच्या वेडामुळे, टिकली ती मांजरांमुळे. मी सगळ्यांत मोठी, म्हणून सगळेच मला आपा म्हणतात, नागपूरचा कुलकर्णीसुद्धा.

एकदा तिथे वाद निघाला, की हिंदी सिनेमातला सर्वांत मोठा जनावर-कलाकार कोण? एक जण म्हणाला, ‘हाथी मेरे साथी’तला रामू. 1971 चा सिनेमा, पण रामू मरतो तेव्हा आजही लोक रडतात. दुसऱ्याने ‘तेरी मेहरबानियां’मधल्या मोतीचं नाव घेतलं. मालकाच्या खुनाचा बदला घेणारा कुत्रा, 1985. मुलींचं मत पडलं टफीला, कारण ‘हम आपके हैं कौन’मध्ये त्याने ती चिठ्ठी योग्य हातात दिली नसती तर सिनेमाचा शेवटच वेगळा झाला असता. मालेगावचा पोरगा मात्र अडून बसला. त्याचं मत ‘कुली’मधल्या ससाण्याला. इक्बालच्या खांद्यावरचा तो पक्षी, नाव अल्लारखा. चार दिवस हा वाद चालला. तो कोणी जिंकला नाही आणि कोणाचं काही बिघडलंही नाही.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? सांगते. त्या चार दिवसांत त्या मालेगावच्या मुलाला एकदाही कोणी विचारलं नाही की अमक्या घटनेबद्दल तुमच्या समाजाचं काय म्हणणं आहे. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात, ट्रेनमध्ये, इन्स्टाग्रामवर तो कायम कुणाचा तरी प्रतिनिधी असतो. कधी खुलासा करायचा, कधी निषेध करायचा, कधी गप्प बसायचं. तुमच्यातल्या बहुतेकांना हे सांगायला नको. इथे तो फक्त ससाण्याची बाजू घेणारा एक हट्टी पोरगा होता. माणसाला दिवसातून तासभर तरी असं असता आलं पाहिजे.

आमच्या पिढीत मुलांना याच्यासाठी चौक होता, पानाची टपरी होती. मुलींना काय होतं? गच्ची, तीही मगरीबपर्यंत. म्हणून ‘पोरगी दिवसभर मोबाइलमध्ये असते’ अशी तक्रार घेऊन एखादी अम्मी माझ्याकडे आली की मी आधी विचारते, दुसरीकडे कुठे असायची सोय आहे तिला?

आता मांजराकडे येऊ. आपल्या घरांत मांजराला मोकळीक आहे, ती दस्तरखानापर्यंत येते. कारण सगळ्यांना माहीत आहे. अबू हुरैरा या सहाबींचं नावच मुळी मांजराच्या पिलावरून पडलेलं. हदीसमध्ये अबू कतादांची गोष्ट आहे. वुजूच्या पाण्याला मांजराने तोंड लावायला आल्यावर त्यांनी भांडं तिच्यासाठी तिरकं केलं आणि सुनेला सांगितलं, की ती नापाक नाही, ती तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे. (झोपलेल्या मांजराची झोपमोड नको म्हणून अंगरख्याची बाही कापल्याची जी गोष्ट फॉरवर्ड होत असते, ती जुन्या हदीससंग्रहांत नाही. गोष्ट गोड आहे, पण पुढे पाठवताना एवढं माहीत असू द्या.)

कुत्रा निघाला की मात्र चेहरे बदलतात. आमच्या ग्रूपवर लातूरच्या एकीने विचारलं, “तुम्ही लोक कुत्रा का पाळत नाही?” प्रश्न साधा होता, टोमणा नव्हता. सोलापूरच्या मुलाने लगेच उत्तर टाकलं, “इस्लाममध्ये मनाई आहे.” रत्नागिरीची म्हणाली, “आमच्याकडे तर कुत्र्याने भांडं चाटलं तर सात वेळा धुतात, त्यातलं एकदा मातीने.” कोकणातले मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. म्हणजे दोन घरांचा नियम इथेच थोडा वेगळा झाला. मग शारजावाल्याने सांगितलं की त्याच्याबरोबर काम करणारा मोरोक्कोचा माणूस मालिकी आहे आणि त्यांच्या मजहबमध्ये कुत्रा नापाक मानतच नाहीत. झालं. रात्री दीड वाजेपर्यंत पोरं वाचत बसली. शिकारीच्या, गुरांच्या आणि शेताच्या राखणीच्या कुत्र्याला हदीसमध्येच सूट आहे. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस आहे. सूरह कहफमध्ये गुहेतल्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्रा उंबरठ्याशी पाय पसरून बसलेला आहे. आणि ज्या घरात कुत्रा असतो तिथे फरिश्ते येत नाहीत, ही हदीसही आहे. कोणी ती लपवली नाही.

कुत्रा पाळा असं सांगायला मी इथे आलेली नाही. माझ्या घरात माणसांनाच जागा पुरत नाही. पण ‘इस्लाममध्ये मनाई आहे’ या तीन शब्दांपासून पोरं त्या रात्री बरीच लांब गेली, आणि कोणाचा ईमान धोक्यात आला नाही. हाच विषय मंचावर ‘धर्मचिकित्सा’ म्हणून मांडला असता तर निम्मे लोक उठून गेले असते. विषय टफीचा होता म्हणून सगळे थांबले. तलाकवर, वारशावर, पडद्यावर बोलायला ज्यांच्या जिभा अडखळतात, त्यांना ‘हे कुठे लिहिलंय, कोणी सांगितलं, दुसऱ्या मजहबचं मत काय’ हे विचारायची सवय अशी लागत असेल, तर मला ती कुत्र्यामुळे लागलेलीही चालेल.

एक उपयोगाची गोष्टही सांगून टाकते. या ग्रूपमुळे एका घरात भटक्या कुत्र्याच्या चाव्यावर मिरचीपूड भरायची थांबली. जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. मांजर चावलं तरी हेच. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही, त्यामुळे ‘बघू दोन दिवस’ हा प्रकार नको.

सिनेमांचं सांगायचं तर मला आमच्या लोकांशी भांडण आहे. जुन्या ‘मुस्लिम सोशल’ सिनेमांवर आपण जीव टाकतो. ‘चौदहवीं का चांद’, 1960. ‘मेरे महबूब’, 1963. ‘पाकीज़ा’, 1972, जो पूर्ण व्हायला दीड दशक लागलं आणि प्रदर्शित झाल्यावर दोन महिन्यांच्या आत मीनाकुमारी गेल्या. मीही हे सिनेमे वीस-वीस वेळा पाहिलेत आणि पुन्हा पाहीन. पण त्यात आपण कुठे आहोत? तिथे लखनौ आहे, अलीगढ आहे, नवाब आहेत, शेर आहेत, गरारे आहेत. आमच्या घरी बागवानी होती. बाजाराच्या दिवशी पहाटे चारला उठायचं. तांबोळी, मुलाणी, पिंजारी, अत्तार, मोमीन यांच्यातलं कोणी त्या पडद्यावर आलं नाही. माझी नानी दख्खनी आणि मराठी एका वाक्यात बोलायची, आणि सिनेमातली बेगमसाहिबा बोलायला लागली की म्हणायची, “बाई काय बोलतीय समजत नाही, पर अच्छा बोलतीय.” बाहेरच्यांनी मुसलमान म्हणजे नवाब किंवा गुंड असं समजावं यात नवल नाही. आपण स्वतःही आपल्याला त्याच काचेतून बघायला लागलो, हे मला जास्त खटकतं.

म्हणून ग्रूपवर मी नेहमी दोन सिनेमांची शिफारस करते. पहिला ‘शेजारी’. व्ही. शांताराम यांनी 1941 मध्ये पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये काढला, हिंदीत त्याचंच नाव ‘पडोसी’. गावातले दोन म्हातारे दोस्त, एक हिंदू, एक मुसलमान, बुद्धिबळ खेळणारे. धरणाचं काम घेऊन आलेला माणूस त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं तेव्हा दोघं एकमेकांचा हात धरून मरतात. गंमत अशी, की हिंदीत हिंदू म्हातारा मझहर खान यांनी केला आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांनी. पाकिस्तानचा ठराव होऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा. निरोप जरा ठळक आहे, आजच्या पोरांना भाबडा वाटेल. वाटू दे. त्यात मुसलमान गावातला आहे, नवाब नाही, हे माझ्यासाठी पुष्कळ आहे.

दुसरा सिनेमा ‘गरम हवा’. पण त्याच्याआधी लातूरच्या दुसऱ्या मुलीची हकिकत सांगते, म्हणजे मी तो का सारखा सांगते ते कळेल.

ही आमच्यातली मुलगी. पुण्यात नोकरी लागली, खोली शोधत होती. तिच्याकडे एक लंगडं मांजर आहे, रस्त्यावरून उचललेलं. ग्रूपवर रोज बातमी यायची. आज बघितली ती तिसऱ्या मजल्यावर, आज बघितली तिला खिडकी नाही. सगळ्यांना काळजी एकच, मांजर चालेल का? एका एजंटाला तिने फोनवरच विचारलं, “मांजर आहे, चालेल ना?” तो म्हणाला, “मांजराचं काही नाही हो, मालकीणबाईंना आवडतात.” ग्रूपवर टाळ्या, मिठाईचे फोटो. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. मग करारासाठी त्याने पूर्ण नाव विचारलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, मालकीणबाईंचा विचार बदललाय. असं पुन्हा एकदा झालं, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तिने ग्रूपवर एवढंच लिहिलं, “मांजर चालतंय. मी चालत नाही.”

त्या रात्री त्या ग्रूपवर बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही. मग नागपूरचा कुलकर्णी म्हणाला, “हे असं खरंच होतं? मला वाटायचं लोक वाढवून सांगतात.” तो वाईट माणूस नाही. पेपर वाचतो, लेख वाचतो. पण लेखातल्या ‘मुस्लिम भाडेकरू’ला त्याने कधी पाहिलं नव्हतं. या मुलीच्या मांजराचं लंगडणं, तिचं औषध, तिची खोड, सगळं त्याला ठाऊक होतं. आठवडाभरात त्याच्या मावशीच्या ओळखीतून पुण्यात एक खोली मिळाली. आता मुलगी आणि मांजर दोघंही तिथे आहेत. सगळ्यांना मावशी कुठून मिळणार, हा प्रश्न अर्थातच उरतो. तो कायद्याचा आणि चळवळीचा प्रश्न आहे, त्यावर उद्याचं सत्र आहे.

मी त्या रात्री तिला ‘गरम हवा’ बघायला सांगितला. एम. एस. सथ्यू यांचा सिनेमा, कथा इस्मत चुगताईंची, पटकथा कैफी आज़मी आणि शमा ज़ैदी यांची. फाळणीनंतरचं आग्रा. सलीम मिर्झा जोडे बनवण्याचा धंदा करतात. हवेली मोठ्या भावाच्या नावावर, भाऊ पाकिस्तानला गेला म्हणून ती सरकारजमा होते. मग मिर्झा भाड्याचं घर शोधत फिरतात आणि लोक नाही म्हणतात, भाडं बुडवून हा पाकिस्तानात पळाला तर? बलराज साहनींनी ते काम असं केलंय की आवाज कुठेही चढत नाही. सिनेमा प्रदर्शित होण्याआधीच ते गेले. आणि म्हातारी आई! हवेली सोडायची नाही म्हणून ती लपून बसते, तिला उचलून न्यावं लागतं. इथे मुसलमान शेर म्हणत नाही, कर्ज मागायला जातो. बँक देत नाही.

त्या मुलीने सिनेमा बघितला आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं, “आपा, हा जुना सिनेमा आहे ना नक्की?”

गप्पांनी घर मिळत नाही, नोकरी मिळत नाही, कायदा बदलत नाही. मला माहीत आहे, मी तीस वर्षं मोर्चे काढलेत. मोर्च्यात आपल्याबरोबर चालणारी माणसं कुठून येतात, एवढंच मी पाहत आले आहे. माझ्या अनुभवात ती भाषणं ऐकून फार थोडी आली. हे भाषणात सांगावं लागतंय, त्याला इलाज नाही.

एक अट मात्र मी आमच्या ग्रूपवर घातली आहे, ती तुम्हीही घाला. देशात काही वाईट घडलं त्या दिवशी ग्रूप गप्प करायचा नाही. सगळे सावधपणे शांत बसतात, आणि त्या शांततेत आमची पोरं मोजत बसतात की कोण बोललं आणि कोण नाही. एवढं मोठं काही लिहायला नको. “जेवलीस का? मांजर कसं आहे?” एवढं पुरतं.

आज रात्री जेवणानंतर याच हॉलमध्ये ‘गरम हवा’ लावणार आहोत. जवळजवळ अडीच तासांचा आहे, तेव्हा चहा आधीच पिऊन घ्या. मोबाइल बंद करायला मी सांगणार नाही. प्रश्न असतील ते आत्ता विचारा, आणि ज्यांच्याकडे मांजरांचे फोटो आहेत त्यांनी पुढच्या रांगेत या.